मणी

"गेल्या वर्षी चालत होती," म्हणाल्या हेडविकाबाई.
कोंबड्या हाकलत आम्ही दोघांनी ती
कोठारातून उजेडात ढकलली:
जावा, अडीचशे सीसी, एकोणसाठ सालची,
बीटच्या सुपाचा रंग.
गेलं वर्ष म्हणजे नेमकं कोणतं, मी विचारलं नाही.
टाकीचं झाकण उघडून नाक खुपसलं:
पेट्रोलचं कधीच व्हार्निश झालेलं.
तरी पैसे मोजून दिले.

घरी आल्यावर तिचं पोट साफ करायला बसलो.
डाव्या सायलेन्सरातून निघालं उंदराचं बिऱ्हाड,
अक्रोडाच्या टरफलांसकट.
उजवा रिकामा. उंदरालाही बाजू असते.
फ्यूजच्या जागी चॉकलेटची चांदी.
ठिणगी होती, पण पिवळट, कावीळ झाल्यासारखी.
पॉइंट घासले. फट मोजायला बोहुशचं गेज मागितलं;
गेजबरोबर त्याचं मतही आलं:
"विकून टाक."

तिचा गिअरचा दांडाच किकचा दांडा,
आत दाबायचा, मग मागे वळवायचा.
एक्केचाळीस किका.
पेट्रोल बुटावर गळत राहिलं.
मग कार्बोरेटर खालून उघडला,
फ्लोट कानाशी धरून हलवला,
आत काहीतरी डुचमळलं.
बायकोच्या दुधाच्या पातेल्यात गरम पाणी घेतलं,
फ्लोट बुडवला. एकाच ठिकाणाहून
बुडबुड्यांची बारीक माळ.
डाग दिला. पातेलं नवीन आणावं लागलं.

आणि मग ती सुरू झाली, ती थांबेचना!
मूठ कुणी पिळत नव्हतं
तरी वर, आणखी वर,
गल्लीतली सगळी कुत्री उभी राहिली.
प्लगची टोपी ओढली,
कोपरापर्यंत झिणझिण्या.
क्रँकचं सील गेलं होतं, ती वारा पीत होती.
सील ब्रनोहून आलं, नऊ दिवसांनी.

त्यानंतर गुणी झाली. फार गुणी.
स्पीडोमीटरचा काटा मेलेला, म्हणून बोहुश
त्याच्या स्कोडातून मागे मागे आला
आणि उतरून म्हणाला, "बावन्न."
दुसऱ्या दिवशी, "बावन्न."
टायमिंग पाहिलं. ब्रेक धरतोय का पाहिलं.
एक्झॉस्टमधली काजळी खरवडली.
चेन, जेट, पुन्हा टायमिंग.
बावन्न.

कार्बोरेटर मी चारदा उघडला होता, दर वेळी खालून.
पाचव्यांदा वरची टोपी काढली.
केबलबरोबर स्लाइड वर आली, तिच्यावर स्प्रिंग,
आणि स्प्रिंगच्या पोटात
लाकडाचा एक मणी.
आलुबुखाराचं लाकूड, चाकूने कोरलेलं,
मधून केबल ओवलेली.
स्लाइड अर्ध्यावर येई
आणि मण्याला डोकं टेकून थांबे.

हेडविकाबाईंना फोन केला.
पलीकडे बराच वेळ फक्त कोंबड्या.
मग म्हणाल्या,
"ती मी चालवायचे. एकाहत्तर साली. अठरा वर्षांची होते.
शिवणाच्या वर्गाला जायचे, डोंगरापलीकडे.
बाबा म्हणायचे, थकली गं ती, दम नाही तिच्यात.
चढावर मी तिची टाकी थोपटायचे,
चल गं, एवढंच राहिलं.
चोपन्न वर्षं मला तिची दया येतेय."
पुन्हा कोंबड्या.
"नीट कोरलाय का?"

मी दिव्याखाली धरला.
भोकाची कड घासून गोल केली होती,
केबलला काचू नये म्हणून.
"हो," म्हणालो. "फार नीट."

"लबाड," त्या म्हणाल्या. कुणाला, ते कळलं नाही.

रविवारी आल्या, नातवाचं हेल्मेट घालून.
मणी मागितला, एप्रनच्या खिशात टाकला
आणि एप्रनसकटच मागे बसल्या.
चॅपेलच्या चढावर मी मूठ पिळली,
पिळत गेलो,
दोन्ही सायलेन्सर एका सुरात फुटले,
आलुबुखाराची झाडं एकमेकांत मिसळली.
"किती?" त्या माझ्या कानाशी ओरडल्या.
काटा मेलेला. मी आरशात पाहिलं.
"बोहुश दिसत नाही!"

तेवढ्यात तिसरा गिअर सुटला,
इंजिन एकटंच पुढे किंचाळत गेलं,
आणि मागून, न ठरवता,
टाकीपर्यंत हात आला, थोपटायला.